खंडेनवमीला पुजलेली पिन

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेतले शिक्षक कुठेकुठे जातात. कोणी महाबळेश्वर गाठतं, कोणी थेट काशी, आणि परतल्यावर शिक्षकांच्या खोलीत महिनाभर तेच पुराण चालतं. मी यंदा चिखलीला गेले होते. "चिखली? पुण्याजवळची? तिथे काय आहे बघायला?" असं मला सगळ्यांनी विचारून झालं आहे. तिथे माझा नवरा आहे, हे प्रवासाचं कारण आमच्या शाळेत कोणाला पुरेसं वाटत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. पण दर वाक्याला 'हे' आणि 'ह्यांनी' आलं तर वाचणाऱ्याचं डोकं फिरेल, म्हणून इथे सरळ वसंतराव म्हणते. सासूबाईंच्या हाती हे पडलं नाही म्हणजे मिळवली.

वसंतराव चिंचवडच्या अलीकडच्या एका कारखान्यात वेल्डर आहेत. तिथे घराएवढ्या मोठ्या लोखंडी टाक्या बनतात. मी देवरुखजवळच्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवते. लग्नाला सात वर्षं झाली आणि त्यांतला आमचा एकत्र संसार म्हणजे गणपती, दिवाळी आणि मे महिना. बरी जागा मिळाली की मी नोकरी सोडून तिकडे जायचं, मग मूल, असं दर मे महिन्यात ठरतं आणि जूनमध्ये शाळा उघडते. मला मुलांची ओढ आहे हे मी लपवत नाही. दुसऱ्यांच्या मुलांना दिवसभर शिकवून घरी यायचं आणि एकटीपुरता भात टाकायचा, याचा मला आताशा फार कंटाळा येतो.

यंदा दसऱ्यानंतर गावातल्या एका माणसाबरोबर वसंतरावांचा निरोप आला, "दिवाळीला मी येत नाही, तूही येऊ नकोस. ओव्हरटाइम आहे." ओव्हरटाइम असला की नवरा येत नाही हे समजतं. बायकोनेही येऊ नये हे काही मला समजेना. मी पिशव्या भरल्या.

निगडीच्या वाटेवर

कुंभार्ली घाटात कोणाला किती वेळा उलटी झाली ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की कोकमाच्या आगळाची बाटली पिशवीत फुटली आणि पुण्यात उतरले तेव्हा माझं पातळ कमरेखाली लालभडक झालं होतं. स्वारगेटवर एका बाईने मला बाजूला घेऊन, "लागलंय का कुठं?" असं विचारलं. तिला वास घ्यायला लावला तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

पुढच्या बसचा कंडक्टर म्हणाला, "चिखलीला ही जात न्हाई ताई. कंपनी कुठली?"

"मला कंपनीत नाही जायचं, गावात जायचंय."

"ते झालं ओ. पण कुठल्या कंपनीच्या गेटावर उतरणार?"

आमच्याकडे पत्ता सांगायचा तर देऊळ, पार, नाहीतर कोणाचा तरी माड सांगतात. इथे सगळा मुलूख कंपन्यांच्या गेटांनी ओळखतात. मी अंदाजाने एक गेट सांगितलं आणि अर्थातच चुकीच्या ठिकाणी उतरले. त्याच वेळी भोंगा झाला, पाळी सुटली आणि गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडला. सगळे खाकी कपड्यांतले, सगळ्यांच्या हँडलला डबा. मी पिशव्या धरून कडेला उभी राहिले आणि वेड्यासारखी प्रत्येक तोंड निरखत बसले. हे त्यांच्या कंपनीचं गेटच नाही हे ठाऊक असून दर दुसऱ्या माणसात मला वसंतराव दिसत होते.

शेवटी एका बैलगाडीवाल्याने मला कडब्यावर बसवून घेतलं. रस्त्याच्या एका अंगाला पत्र्याच्या शेड, धुराडी, मालट्रकांची रांग. दुसऱ्या अंगाला बाजरी काढून झालेली रानं आणि नुकती वर आलेली ज्वारी. डोळ्यांत भरेल असं यात काही नाही. पण संध्याकाळच्या उन्हात ती कोवळी ज्वारी हलत होती आणि मला वाटलं, इथे राहता येईल. आपल्याला इथे राहता येईल.

चिखली

वसंतरावांची खोली तान्हूबाईंच्या गोठ्याला लागून आहे. तान्हूबाई म्हणजे घरमालकीण, साठीच्या, नऊवारीतल्या, स्वतः बैल जुंपणाऱ्या. मला बघताच म्हणाल्या, "आलीस व्हय पोरी? बरं झालं. त्यो काय मला जवळ येऊ दीना."

वसंतराव मागल्या अंगणात बसले होते. मला बघून उठले. चेहरा असा फुलला की घाटातल्या सगळ्या उलट्या वसूल झाल्या. आणि लगेच ते एक पाऊल मागे सरकले. सात वर्षांत हा माणूस माझ्यापासून कधी मागे सरकला नव्हता.

"जवळ येऊ नकोस," ते म्हणाले. "निरोप मिळाला नाही का तुला?"

उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. वेल्डरचा हात भाजतोच, मला त्याचं नवल नव्हतं. पण खोलीत पाहिलं तर त्यांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण बाहेर ओसरीवर. आमच्या आजोळी परगावच्या पाहुण्याची जात विचारून अशी भांडी वेगळी काढायचे. इथे तेच त्यांनी स्वतःच्या बाबतीत केलं होतं. जेवताना ते डाव्या हातात चमचा धरून, भिंतीकडे तोंड करून बसले. मी बाजरीची भाकरी कुस्करून देते म्हटलं तर ताट उचलून लांब गेले. काय झालं ते काही केल्या सांगेनात.

वसूबारस

ते मला बालाजीने सांगितलं. बालाजी म्हणजे त्यांच्याच खात्यातला लातूरकडचा फिटर. तान्हूबाई गाय-वासराची पूजा करत होत्या आणि वसंतराव नदीकडे गेले होते, तेवढ्यात तो आला आणि बाजेवर बसला.

टाकीचा सांधा आतून नीट जुळला की नाही, हे बाहेरून दिसत नाही. ते बघायला बाहेरचा एक माणूस रात्रपाळीला शिशाची जड पेटी घेऊन येतो. पेटीत बोटाच्या पेराएवढी एक पोलादी पिन असते. तारेने ती पेटीतून पुढे सरकवायची, तिच्यातले किरण लोखंडाच्या आरपार जातात, मागे लावलेल्या फिल्मवर सांध्याचा फोटो उमटतो आणि पिन पुन्हा पेटीत ओढून घ्यायची. अष्टमीच्या रात्री ती पिन तारेवरून निसटली. माणसाने नुसती तार ओढून पेटी बंद केली. मीटर लावून बघायचं असतं, पण मीटरचा सेल उतरला होता आणि त्याला घरी जायची घाई होती.

"आन् सकाळी खंडेनवमी, वहिनी," बालाजी म्हणाला. "आमच्याकडं त्या दिशी शॉप झाडून, धुऊन काढतेत. पान्हा, हातोडी, गेज, समदी हत्यारं पाटावर मांडायची. एक बी हत्यार बिनपूजेचं ठिवायचं न्हाई, असा आमचा दंडकच हाय. वसंतरावला टाकीखाली ती पिन गावली. कुणाचं तरी बारीक हत्यार आसंल म्हणून त्येनं उचलली. काळी पडलेली व्हती. चिंधी घिऊन चिमटीत धरून घासू घासू चकचकीत केली, हळद-कुंकू लावलं, झेंडूच्या पाकळीवर ठिवली. आमी समदे हात जोडून उभं, आन् ती तिकडं पाटावर बसून आमाला भाजलालीय!"

दुपारी पेटीवाला धावत आला, नव्या सेलचं मीटर घेऊन. पाटापाशी येताच मीटरचा काटा टोकाला गेला. सगळ्यांना बाहेर काढलं, लांब चिमट्याने पिन उचलून पेटीत घातली. बाकीच्यांचं रक्त तपासलं, ते ठीक निघालं. वसंतरावांच्या हाताला त्या दिवशी काहीच नव्हतं. आठवड्याने बोटं लाल झाली, मग टरारून फोड आले.

"कँटीनला आता त्येचा कप येगळा ठिवलाय," बालाजी खाली बघत म्हणाला. "कुणी म्हणलं न्हाई त्येला. पण ठिवलाय."

तो गेल्यावर तान्हूबाई निरांजन घेऊन माझ्याजवळ आल्या. "खरं सांग पोरी, तू शाळा शिकलीयास. ह्यो रोग चिकटतो का? माज्या गाईला, वासराला?"

"मावशी, उन्हात भाजलेला माणूस घरात आला म्हणजे घरात ऊन पडतं का?"

त्यांनी विचार केला. "न्हाई बा."

"तसंच हे. ती पिन पेटीत गेली, ऊन गेलं. यांच्या अंगात उरलाय तो नुसता चटका."

"मंग ह्यो असा का वागतोय?" त्या म्हणाल्या, आणि तेच मलाही कळत नव्हतं. संध्याकाळी मी वसंतरावांना तेच उन्हाचं उदाहरण दिलं. ते म्हणाले, "हे तुझं पुस्तकातलं. इतकं साधं असतं तर ती पिन शिशाच्या पेटीत कशाला ठेवतात?"

"पेटी पिनेला होती. तुम्हाला नाही."

"कोणाला ठाऊक," ते म्हणाले आणि अंथरूण घेऊन ओसरीवर गेले. मी आत पडल्या पडल्या त्यांचं कूस बदलणं ऐकत होते. देवरुखाहून ते दूर असतात ते मला सवयीचं झालं आहे. भिंतीपलीकडून दूर असणं फार जड गेलं.

धनत्रयोदशी, पुणे

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या इस्पितळात पट्टी बदलायची होती. मी हट्टाने बरोबर गेले. डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण बोलायला मोकळे. मी जीवशास्त्र शिकवते म्हटल्यावर त्यांना हुरूप आला.

पट्टी सुटली आणि मी दाताखाली ओठ धरला. अंगठ्याची आणि तर्जनीची पुढची पेरं सोललेली, ओली, कडेला काळपट. मधल्या बोटाला मात्र नवी गुलाबी कातडी धरली होती.

"पिन हातात होती तेव्हा चटका नाही बसला?" मी वसंतरावांना विचारलं.

"नाही. गार होती. लोखंड असतं तशी."

डॉक्टर म्हणाले, "बाई, कांद्याच्या मुळाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता ना मुलांना? पेशी दुभंगताना?"

"दरवर्षी."

"मग तुम्हाला पटकन कळेल. आपण बघतो ती वरची कातडी म्हणजे संपत आलेल्या पेशी, त्यांचं किरण फारसं बिघडवत नाहीत. खालच्या थरात नव्या पेशी सारख्या तयार होत असतात. किरण तिथे शिरतात आणि गुणसूत्रांचे धागे तोडतात. पेशी लगेच मरत नाही. चालत राहते, आणि दुभंगायची वेळ आली की तुटक्या धाग्यांपाशी अडते आणि मरते. वरचा थर रोजच्यासारखा झडत राहतो, खालून नवा येतच नाही. कारखाना बंद पडलाय हे दुकानातला माल संपल्यावर गिऱ्हाइकाला कळतं, तसं."

दरवर्षी कांद्याच्या मुळातले ते धागे दोन्हीकडे ओढले जाताना बघून मला किती आनंद व्हायचा! मी मुलांना सांगायचे, बघा, एकाच्या दोन होतात, असंच आपण वाढतो. त्या काचेवर कधी माझ्या घरचा माणूस येईल असं वाटलं नव्हतं.

"जिथे पेशी भराभर दुभंगतात, तिथे मार जास्त," डॉक्टर पुढे म्हणाले. "कातडी, आतड्याचं अस्तर, रक्त बनवणारी मज्जा. तुमच्या यजमानांचं नशीब, की पिन जुनी होती, जोर बराच उतरलेला. आणि ती खिशात न टाकता पाटावर ठेवली. खिशात असती तर मी आज एवढा निवांत बोलत नसतो. अंतर दुप्पट झालं की मार चौपट कमी होतो."

देवाने वाचवलं असं मी म्हणणार होते, पण पिन हातात घ्यायला लावली तीही पूजेनेच, तेव्हा गप्प बसले.

मग मी म्हटलं, "डॉक्टर, यांच्या अंगातून काही बाहेर पडतं का, ते यांच्यासमोर सांगा. माझं ऐकत नाहीत."

डॉक्टरांनी शेजारच्या खोलीतून एक मीटर आणवलं. भिंतीला लावलं, टिक... टिक... असं सावकाश वाजलं. टेबलाला लावलं, तसंच. वसंतराव श्वास रोखून बसले होते. त्यांच्या छातीला लावलं, पट्टीला लावलं, तसंच सावकाश. मग डॉक्टर माझ्याकडे वळले आणि ते यंत्र एकदम टकटकटक करत सुटलं. मी घाबरून उभीच राहिले.

"घड्याळ काढा बरं," डॉक्टर हसत म्हणाले. ते माझ्या वडिलांचं जुनं, अंधारात आकडे चमकणारं मनगटी घड्याळ. आकड्यांना रेडियम लावलेलं. घड्याळ लांब ठेवल्यावर मीही भिंतीसारखीच वाजले. "वसंतराव, तुमच्यापेक्षा घरात बाईच जास्त वाजतात!" डॉक्टर म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी वसंतराव हसले.

ते हसले तेवढ्यात मी विचारून टाकलं. "आम्हाला मूल नाही अजून. आता..."

वसंतराव जमिनीकडे बघू लागले. डॉक्टर सरळ म्हणाले, "जननपेशीही सतत तयार होतात, म्हणून विचारलंत ते योग्यच. हाताला जे बसलं त्याच्या मानाने पोटाला फार थोडं बसलं आहे. तरी घाई नको. त्या वेळच्या पेशी जाऊन नव्या येऊ द्यात. पुढचा पावसाळा सरला की मग खुशाल. मला भीती वाटत नाही."

मला त्या खुर्चीत रडू आलं. पुढचा पावसाळा. सात वर्षांत कोणीतरी पहिल्यांदा आम्हाला एक मुदत सांगितली होती.

"पण या दोन बोटांचं नक्की सांगत नाही," ते वसंतरावांना म्हणाले. "आतल्या बारीक रक्तवाहिन्याही दुखावल्यात. पुढची पेरं कदाचित काढावी लागतील. दिवाळीनंतर ठरवू." मग त्यांनी मला पट्टी कशी बदलायची ते शिकवलं.

परतीच्या बसमध्ये वसंतराव माझ्या शेजारी बसले. आणि आमच्या दोघांच्या मधे त्यांनी पिशवी ठेवली.

नरकचतुर्दशी

मी चिडले होते, हे कबूल. मीटरने सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, मग आता कसला सोवळेपणा? पहाटे मी तेलाची वाटी घेऊन ओसरीवर गेले आणि म्हटलं, "बसा पाटावर. नाही म्हणालात तर तान्हूबाईंना बोलावते, त्या बैल धुतात तशा धुतील."

ते निमूट बसले. मी पाठीला तेल चोळलं, उटणं लावलं. पाठ बारीक झाली होती. ते मान खाली घालून बसले, पट्टीचा हात गुडघ्यापलीकडे लपवलेला.

आमच्याकडे आंघोळीनंतर कारीट फोडतात. मी दोन बरोबर नेली होती. चिखलीत ही चाल कोणाला ठाऊक नाही. वसंतरावांनी डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडून त्याचा रस जिभेला लावला तेव्हा तान्हूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सणासुदीला कडू खात्यात? तुमचं कोकण लई येगळं हाय." आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू वसंतरावांच्या डाव्या हातात दिला. पंजात, अगदी जवळ येऊन. माझ्या उन्हाच्या उदाहरणाचा एकीवर तरी उपयोग झाला होता.

पाडवा

पाडव्याला सकाळी तान्हूबाईंनी दारात शेणाचे पांडव मांडले, त्यांच्या डोक्यात तुरे खोवले. आमच्याकडे असं काही नसतं. मी बराच वेळ बघत बसले. मग वसंतरावांना पाटावर बसवून ओवाळलं. त्यांनी डाव्या हाताने तबकात सुपारी टाकली आणि उठायला लागले.

"थांबा. पट्टी बदलायची आहे."

दारातून ऊन आत आलं होतं. मी पट्टी सोडली, बोटं धुतली, मलम लावलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला वाटतं मला अजून मीटरचं पटलं नाही."

"मग पटलं का?"

"पटलं. तिथेच पटलं. हे मधलं बोट बरं झालंय, असं डॉक्टर म्हणतात ना. आठ दिवसांपूर्वी पट्टी सुटली होती, तेव्हा तान्हूबाईंच्या वासराच्या कानामागे ते लावून पाहिलं. तिथे किती मऊ असतं. मला काही कळलं नाही. लाकूड की वासरू, काही नाही. तेव्हापासून ठरवलं, तुला हात लावायचा नाही."

"का?"

"तुला लावून काही कळलं नाही तर?" ते म्हणाले. "वर्षातले दहा महिने मी त्यावरच काढतो गं. नुसत्या आठवणीवर. ती आठवण या बोटांत आहे. ती बिघडली तर मी इथे एकटा काय करू?"

मी त्यांचं मनगट धरलं आणि ते मधलं बोट माझ्या गालावर ठेवलं. नवी कातडी होती, गुळगुळीत आणि जरा गरम. त्यांनी डोळे मिटले. बोट हळूहळू डोळ्याखालून हनुवटीपर्यंत आलं, पुन्हा वर गेलं. दारात तान्हूबाई होत्या, त्या पांडवांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"काही कळतंय?" मी विचारलं.

त्यांनी बराच वेळ शोधलं. मग मान हलवली. "नाही."

"राहू दे," मी म्हटलं. "मला कळतंय."

त्यांनी बोट काढलं नाही.